बेसमेंटमधली चारशे अकरा पुस्तकं

१ जानेवारी २००६, रविवार

काल मराठी मंडळाच्या नववर्षाच्या पार्टीत प्रसन्नने मला कोपऱ्यात गाठलं. प्रसन्न म्हणजे आमच्या मंडळाचा नवा अध्यक्ष. वय छत्तीस, अमेरिकेत ट्रॉयला येऊन चार वर्षं झाली आणि आल्या दिवसापासून घाईत आहे. हातात पेपर प्लेट, प्लेटमध्ये मीच केलेले दडपे पोहे, आणि मला म्हणतो, "काकू, तुमच्या बेसमेंटमधली मंडळाची बुक्स आता डोनेट करावीत असं कमिटीला वाटतंय. ॲक्च्युअली तीन वर्षांत कोणी एकही बुक इश्यू केलेलं नाहीये. मी रजिस्टर बघितलं ना, समई न्यायला आलो होतो तेव्हा."

म्हणजे समई न्यायला आला आणि रजिस्टर चाळून गेला.

चारशे अकरा पुस्तकं आहेत. १९८३ साली मंडळाची लायब्ररी आमच्याकडे आली ती 'तात्पुरती'. एकेका पुस्तकाला किराणा दुकानाच्या तपकिरी पिशवीचं कव्हर मी घातलंय. उन्हाळ्यात कागदाला ओल लागू नये म्हणून हवेतला दमटपणा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरची बादली दिवसातून दोनदा मी ओतते. हे गेले २००२ साली, तरी ओततेच आहे.

मी प्रसन्नला म्हटलं, "एक वर्ष दे. वर्षात शंभर पुस्तकं लोकांनी नेली तर हात लावायचा नाही."

"डन, काकू!" म्हणाला आणि हसला. ते हसणं मला झोंबलं.

आता खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. त्या चारशे अकरांतलं एकही पुस्तक मी धड वाचलेलं नाही. वाचायचे ते हे. मी धूळ पुसायची, नोंद करायची, आणि वाचायचं म्हणजे दिवाळी अंकातलं राशिभविष्य. मी सहासष्ट वर्षांची आहे. यंदा साठ पुस्तकं वाचणार, आणि जे चांगलं निघेल ते लोकांच्या गळी उतरवणार. उतरत नसेल तर वरून पाणी देणार.

आणखी एक खरं. निमिष, माझा मुलगा, सिॲटलला असतो. चार वर्षं म्हणतोय, घर विक आणि आमच्याकडे ये. मी दर वेळी सांगते, मंडळाची पुस्तकं टाकून कशी येऊ? मुलाला तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. पुस्तकं गेली तर माझ्याकडे दुसरं कारण उरत नाही. आणि मला हे घर सोडायचं नाहीये.

९ जानेवारी, सोमवार

मला फोन पुष्कळ येतात. उकड का फाटली, बाळाचा खोकला थांबत नाही, सत्यनारायणाला सुपाऱ्या किती. पुस्तक कुणी मागत नाही. तेव्हा ठरवलं, फोन उचलायचाच नाही. निरोप घेणारं आन्सरिंग मशीन उचलेल. मशीन आधी पुस्तकाची शिफारस करेल आणि मग बीप वाजेल. ज्याला उकड हवी त्याने आधी पुस्तक ऐकावं.

अडचण एकच होती. मशीनवर अजून ह्यांचा आवाज होता, इंग्रजीतला, "सध्या आम्ही घरी नाही आहोत" वगैरे. मशीनपुढे स्टूल घेऊन बराच वेळ बसले. मग बटण दाबलं. चार वर्षं गेलेल्या माणसाने माझे फोन घेतले. आता जी आहे ती घेईल.

१२ जानेवारी, गुरुवार

निमिषचा निरोप मशीनवर. आधी नुसता श्वास, मग, "आई, यू इरेज्ड बाबा?"

मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "मी ऑफिसमधून कधीकधी लावायचो तो नंबर. दुपारी, तू वॉकला गेलीस की. तुला विचारायचं तरी."

मला काय ठाऊक? मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. माझ्या घरात, माझ्या मशीनवर काय ठेवायचं हे मी सिॲटलला विचारायचं? दोन्ही एकदम वाटलं. मग त्यानेच विचारलं, तुमच्या मंडळाच्या प्रेसिडेंटचा ईमेल काय? दिला. मंडळात लक्ष घालतोय, चांगलं आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार

पाच पुस्तकं झाली. आजची शिफारस मला फारच जमली आहे, म्हणून उतरवून ठेवते:

"नमस्कार, मी शुभा. या आठवड्याचं पुस्तक म्हणजे बोटीवरच्या एका आचाऱ्याची कादंबरी. स्वभावाने तिखट, हाताला चव. बोटीवर चोरी होते आणि आळ याच्यावर येतो. तुम्हाला वाटेल चोर कप्तान आहे, पण नाही! चोर असतो आचाऱ्याचा सख्खा भाऊ, शेवटच्या पानावर तो रडत कबूल करतो. फार सुंदर. अवश्य न्या. आता बीपनंतर बोला."

दोन मिनिटांत सगळं बसवलं. हे असते तर चकित झाले असते.

३ मार्च, शुक्रवार

फोनांचा नुसता पाऊस. सोमवारी शिफारस बदलते हे लोकांना कळलंय, सोमवारी तर मशीनला उसंत नसते. देवळात मंडळातली सुवर्णा भेटली, म्हणाली, "काकू, मागच्या आठवड्यातली ती नर्सची स्टोरी! मी स्पीकरवर लावली होती, आम्ही दोघंही रडलो."

"मग ने की पुस्तक."

"अहो, आता काय, सगळं ऐकलंच की."

अशी ही माणसं. दोन महिन्यांत पुस्तकं गेली तीन. त्यातलं एक प्रसन्नच्या सासूबाईंनी नेलं, त्या व्हिजिटर व्हिसावर आल्यात, त्यांना दुसरा उद्योग नाही. माझ्या सांगण्यात तर काही कमी नाही. मी इतकं पोटतिडकीने सांगते, एकही गोष्ट गाळत नाही. लोकांना वाचायचंच नाही हे खरं. पालथ्या घड्यावर पाणी.

२१ एप्रिल, शुक्रवार

गेलेली पुस्तकं: सात. मी वाचलेली: सतरा. परतही दोन आली, कारण मंडळातल्या नरेंद्रची गाड्यांच्या कंपनीतली नोकरी गेली आणि ते लोक टेक्ससला निघाले. जाताना त्याच्या बायकोने पुस्तकं दिली आणि गळ्यात पडून रडली. म्हणाली, काकू, तिकडे तुमचं मशीन लाँग डिस्टन्स पडेल.

तिला पुस्तकांची नाही, मशीनची आठवण येणार आहे. मला हरल्यासारखं वाटतंय. शंभर काही होत नाहीत. पण प्रसन्नला हे चेहऱ्यावर दिसू देणार नाही.

९ मे, मंगळवार

आज मशीनवर एक नवा आवाज, आणि आवाजाला धार. "काकू, मी इशिता. बिग बीव्हर रोडजवळच्या अपार्टमेंट्समध्ये राहते. प्लीज, हात जोडते, शेवट सांगत जाऊ नका ना! चार आठवडे झाले, मी दर वेळी ठरवते की हे पुस्तक मागायचं, आणि तुम्ही बीपच्या आधी सगळं सांगून टाकता. मग वाचायचं काय, कव्हर?"

उद्धट. ओळख नाही, पाळख नाही. कव्हर म्हणे.

११ मे, गुरुवार

दोन दिवस तिला मनातल्या मनात उत्तरं दिली. आज सकाळी बादली ओतताना एकदम लक्षात आलं की बोटीवरच्या आचाऱ्याची कादंबरी मी स्वतः तरी दोन दिवसांत का संपवली? चोर कोण ते कळेना म्हणून!

म्हणजे चार महिने मी लोकांना फुकट जेवू घालून वर विचारत होते, तुम्ही माझ्याकडून डबा का लावत नाही.

१५ मे, सोमवार

नवी शिफारस: "एक पोस्टमास्तर सव्वीस वर्षं एक पत्र पोचवत नाही. बॅगेत ठेवतो, रोज काढून बघतो. पत्र त्याच्याच घरच्या पत्त्यावर आलेलं आहे. एक दिवस त्याची बायको ती बॅग उघडते, आणि" बीप.

सोळा निरोप आले. चौदा जणांनी विचारलं, पत्रात काय होतं. मी एकालाही सांगितलेलं नाही. बेसमेंटचं दार उघडं आहे, या आणि बघा.

२ जून, शुक्रवार

इशिताकडे गेले होते. ती गाडी चालवत नाही, तेव्हा पुस्तकं मीच नेली. नागपूरची, सत्तावीस वर्षांची. नवरा विक्रम सोमवारी पहाटे विमानाने प्रोजेक्टवर जातो तो गुरुवारी येतो. हिला नोकरीचा परवाना नाही. घर फार स्वच्छ. इतकं स्वच्छ घर मीही १९७२ साली, इथे नवी आले तेव्हा, ठेवत होते. दुसरं करायला काही नव्हतं.

ती आठवड्याला तीन वाचते आणि भांडते. "काकू, तुम्ही सगळ्याच पुस्तकांना फार सुंदर म्हणता. एखादं बोअर असेल तर बोअर म्हणा ना. मग तुमच्यावर कोणी ट्रस्ट करेल."

मंडळाच्या माजी अध्यक्षांनी भेट दिलेलं त्यांचं स्वतःचं प्रवासवर्णन आहे. त्यात नायगाराला पाच पानं आणि तिथल्या पार्किंगला अकरा. या सोमवारी त्याचं सांगते खरं खरं.

८ जून, गुरुवार

"हे पुस्तक वाचू नका" असं सांगितलं, तर नऊ जणांनी मागितलं. रांग लागली आहे. माणसाचा स्वभाव हा. माजी अध्यक्षांचाही फोन आला. ते म्हणाले, तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुस्तकाबद्दल लोक विचारतायत, थँक यू.

१६ जुलै, रविवार

निमिष आठवडाभर राहून गेला. गुणी मुलगा. छतावर चढून कौलं तपासली, खोल्यांची मापं घेतली, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या माणसाला बोलावून सर्टिफिकेट घेतलं. बेसमेंटचे फोटो काढले. आठवण म्हणून असणार. मशीनचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. जाताना विमानात वाचायला म्हणून पोस्टमास्तर घेऊन गेला. त्याचं मराठी वाचन तिसरीतच थांबलंय, बघू.

गेलेली पुस्तकं: अठ्ठेचाळीस.

१९ सप्टेंबर, मंगळवार

निमिषच्या ओळखीची एक बाई आली होती. कोट घातलेली, हसरी. इकडूनच जात होते म्हणाली. स्वयंपाकघर फार आवडलं तिला, कपाटंसुद्धा उघडून पाहिली, बेसमेंटमध्ये जाऊन म्हणाली, "लवली स्पेस, वन्स इट्स क्लिअर्ड." बिचारीला मराठी येत नाही, नाहीतर हातात पुस्तक दिलंच असतं. चिवड्याची पिशवी दिली. फार खूश झाली.

इशिताला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "काकू, तिने कार्ड दिलं का?" दिलं होतं, चिवड्याच्या डब्याखाली आहे. बघते म्हटलं, राहून गेलं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

शंभरावं पुस्तक आज गेलं! ते प्रसन्ननेच नेलं, हे विशेष. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, सॉरी, पण मशीनवरच्या त्या विहिरीतल्या बाईचं पुढे काय होतं? माझी वाइफ मला झोपू देत नाहीये."

"शंभर," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर रजिस्टर धरलं. सही करताना त्याचा हात जरा अडला. म्हणाला, "काकू, यू आर ग्रेट. बट..." आणि निघालाच. घाईत असतो.

मी वाचलेली: एक्कावन्न. इतकी खूश मी बऱ्याच वर्षांत नव्हते.

९ डिसेंबर, शनिवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

वार्षिक सभा होती, शाळेच्या कॅफेटेरियात. आधी जेवण. मग प्रसन्नने मला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. "काकूंनी चॅलेंज जिंकलं! एकशे सतरा बुक्स!" टाळ्या. मी मूर्खासारखी हसत उभी. आता मला कळलंय, कुणी तुमच्या खांद्यावर शाल टाकली की खिसे चाचपून पाहावेत.

कारण पुढचं वाक्य असं होतं, "अनफॉर्च्युनेटली काकू आता सिॲटलला मूव्ह होतायत. निमिषशी माझं बोलणं झालंय, घर मार्चमध्ये मार्केटवर जाणार. सो बुक्सचं काहीतरी करायला लागेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुवर्णा तर म्हणाली, "काकू, तुम्ही बोललाही नाहीत!"  छप्पर, मापं, फोटो, कोटवाली बाई. सगळं एका ओळीत उभं राहिलं. इशिताला सप्टेंबरमध्येच कळलं होतं आणि मी त्या घरं विकणाऱ्या बाईला चिवडा बांधून दिला!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. स्टेजवरून पोराला शिव्या देता येत नाहीत. खाली येऊन बसले.

मग प्रसन्नने लायब्ररीचे जुने नियम वाचून दाखवले, ह्यांनी १९८३ साली हाताने लिहिलेले. "नियम तीन: सभासदास एका वेळी कितीही पुस्तके नेता येतील. नियम चार: पुस्तक वाचून झाल्यावर परत करावे. वाचून झाल्यावर! नो डेडलाइन!" लोक हसले. "सो ठराव असा: मेंबर्सकडे इश्यू झालेली बुक्स रूलप्रमाणे परत येतील तेव्हा येतील. कपाटात जी आहेत ती नेक्स्ट सॅटर्डेला ट्रकने डोनेशनला जातील." हात वर झाले. ठराव मंजूर.

इशिताने हात वर केला नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आम्ही दोघीही हसत नव्हतो. दोघींनाही नियम तीन ऐकू आला होता.

१० डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला इशिताला घेऊन आले. विक्रमही आला, त्याला टेबल खाली न्यायला लावलं. मी पुस्तकाचा नंबर सांगायचा, तिने रजिस्टरमध्ये लिहायचं. कपाटातली, मी न वाचलेली तीनशे चार पुस्तकं माझ्या नावावर. वाचलेली आणि कपाटात असलेली सगळी इशिताच्या नावावर. प्रत्येक ओळीला सही. चार वाजेपर्यंत हात दुखायला लागला. मध्ये फक्त खिचडी खाल्ली.

विक्रम म्हणाला, "काकू, हे टेक्निकली करेक्ट आहे, पण थोडं चीटिंग वाटत नाही का?"

मी म्हटलं, "अरे, मला शाल देऊन काय केलं त्यांनी?"

निमिषला फोन केलेला नाही. राग फार आहे. तो माझ्या काळजीपोटी करतो हे कळतं मला, आणि म्हणूनच जास्त राग येतो. काळजी आहे तर मला विचारायचं होतं. माझ्याशी न बोलता माझ्या मंडळाशी बोलला. पण मीही चार वर्षं त्याच्याशी कुठे बोलले? पुस्तकांच्या आड उभी राहिले.

१६ डिसेंबर, शनिवार

दहा वाजता प्रसन्न भाड्याचा ट्रक आणि दोन माणसं घेऊन आला. मी त्यांना चहा दिला, मग रजिस्टर दिलं. तो उभ्यानेच पानं उलटत गेला. सोळा पानं माझ्या सह्यांची.

"काकू, पण... कपाटात तर बुक्स दिसतायत."

"दिसणारच. माझ्या घरात मी आणलेली पुस्तकं मी माझ्या कपाटात ठेवते. ठराव वाच तुझा."

त्याने वाचला. दोनदा वाचला. मग खुर्चीत बसला आणि पोट धरून हसायला लागला. मला वाटलं होतं भांडेल. "रवींद्रकाकांनी रूलमध्ये मुद्दाम डेट लिहिली नसेल का हो?" म्हणाला. मी म्हटलं, मुद्दाम कसली, ह्यांना कुठलीच तारीख लक्षात राहायची नाही. ट्रक रिकामा गेला.

तासाभरात निमिषचा फोन. मी मशीनला घेऊ दिला नाही, स्वतः उचलला.

"आई, प्रसन्नने सांगितलं. बी रीझनेबल. तू एकटी, तो जिना, तो स्नो. मी तुझ्या भल्यासाठीच..."

"निमिष, ऐक. इतकी वर्षं मी तुला पुस्तकांचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. पुस्तकं मी वाचलेलीही नव्हती. मला हे घर सोडायचं नाही, हे खरं आहे. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आज सांगते. मी येणार नाही."

तो म्हणाला, "आणि ती बुक्स? तीनशे काहीतरी तुझ्या नावावर आहेत म्हणे."

"तीनशे चार. यंदा चोपन्न वाचून झाली, साठ होत नाहीत, बोलले होते त्यापेक्षा कमीच. त्या हिशेबाने साडेपाच-पावणेसहा वर्षं लागतील. सगळी झाली की परत करीन, मग त्या कोटवाल्या बाईला पाठव."

"आई! तोपर्यंत तू बहात्तर वर्षांची होशील."

"होईनच," मी म्हटलं. "तुझ्या गेस्टरूममध्ये बसले तरी होईन."

फोन ठेवला नाही त्याने. मीही नाही ठेवला. मग हळूच म्हणाला, "ओके, आई." आणि पुन्हा एकदा, "ओके."

फोन ठेवल्यावर थोडी रडले. मग खाली जाऊन कपाटातलं पहिलंच पुस्तक काढलं. साडेसहाशे पानं, सुरुवात अगदीच रटाळ आहे. सोडणार नाही.